गर्भपोषण व मधुमेह : पुण्यातील संशोधन

मातेच्या रक्तातील जादा शर्करा वारेतून गर्भात जाते, इन्शुलीन मात्र जात नाही; त्यामुळे गर्भाच्याच स्वादुपिंडातून अधिक इन्शुलीन स्रवून मेद साठतो, असे डॅनिश वैद्य पीडरसन यांनी १९५२ मध्ये मांडले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील अर्भके सरासरी सु. २.७ किग्रॅ. वजनाची, इंग्लंडमधील अर्भकांहून कृश, तरी मेद टिकून असलेली आढळली. ब१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त असलेल्या मातांच्या अपत्यांत सहाव्या वर्षी इन्शुलीन-रोध अधिक दिसला (२००८). पोषणामुळे डीएनएचे मिथिलीकरण बदलून जनुकांचे कार्य बदलत असावे, असा तर्क आहे. मधुमेहाचा प्रतिबंध गर्भधारणेपूर्वीच व्हावा, या हेतूने २०१२ मध्ये त्याच अपत्यांना किशोरवयात ब१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला.