बैलगाडी शर्यत, सातारा-सांगली : २०२१-२२ चा हंगाम

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बैलगाडी शर्यतींचा, सर्वोच्च न्यायालयाच्या १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानंतरचा पहिला कायदेशीर हंगाम. एका बाजूला करोनाची तिसरी लाट आणि दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०२२ मधील लम्पी त्वचारोगाची बंदी, यांच्यामध्ये तो सापडला. त्याविषयी आज जे लेखी हाती लागते त्यात न्यायालयीन कागद सर्वांत जास्त आहेत, बक्षिसांच्या बातम्या त्याखालोखाल आणि प्रत्यक्ष निकाल सर्वांत कमी. प्रस्तुत नोंदीतही हे असमान प्रमाण उतरले आहे. मात्र हा हंगाम समजून घ्यायचा तर विजेत्या जोडीकडे पाहून भागत नाही. आदत खोंडांचे गट, ‘ब’ गटाच्या गाड्या आणि गटातच थांबलेले बैल, म्हणजे शर्यतीची दुसरी फळी, हाच या हंगामाचा खरा पुरावा आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

स्वरूप : महाराष्ट्रात या खेळाच्या अनेक रीती आहेत. विदर्भात शंकरपट भरतो. पुणे जिल्ह्याच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ भागात घाटावर एकेक गाडा सुटतो आणि त्याची बारी सेकंदांत मोजली जाते. नीरा नदी ओलांडून शिरवळला, म्हणजे साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात आले की इथून दक्षिणेचा मुलूख मैदानाचा. फलटण, माण, खटाव, कोरेगाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यात सपाट माळावर शेजारी-शेजारी आखलेल्या फाट्यांवरून दोन-दोन बैलांचे छकडे एकाच वेळी सुटतात. मैदानाच्या रुंदीप्रमाणे पाच, सात किंवा अधिक गाड्यांचा एक गट होतो. गटात पहिली आलेली गाडी ‘गटपास’, तिथून सेमीफायनल, मग फायनल. मिरज-कवठेमहांकाळकडून कोल्हापूर-बेळगावच्या दिशेने गेल्यावर लांब पल्ल्याच्या, आरत-परत पळण्याच्या शर्यती आणि त्यांचे जनरल, ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे गट भेटतात. शिवाय वयाची विभागणी असते. दुधाचे दात न पाडलेला तो आदत, दोन दाती दुसा, चार दाती चौसा. दोन्ही बैल एकाच दावणीचे असावेत असा नियम नाही. एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाशी जुळवून पळवतात, त्याला पैरा म्हणतात, आणि चांगला पैरा मिळवणे हे मालकाचे निम्मे कसब मानले जाते.

पंच : सुटीला झेंडा पंच, निकालरेषेवर स्वतंत्र पंच, चुरशीच्या निकालासाठी अलीकडे कॅमेऱ्याचा आधार.

कायदेशीर पार्श्वभूमी : केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि या शर्यतींचा पाया निखळला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने ए. नागराज प्रकरणात तमिळनाडूतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यत या दोन्हींना मनाई केली. बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्याजोगी नाही, हा त्या निकालातील एक कळीचा विचार होता. ७ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने वाट मोकळी झाल्यासारखी वाटली, पण काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूने आपला कायदा दुरुस्त केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानेही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानग्या देण्यास मनाई केली, नियम तयार झाल्यावरही ती उठली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सारी प्रकरणे घटनापीठाकडे गेली. २० ऑगस्ट २०२१ रोजी आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने आटपाडी तालुक्यात झरे परिसरात, बंदोबस्त आणि जमावबंदी असताना, पहाटे गाड्या पळवण्यात आल्या. या घटनेकडे सविनय कायदेभंग म्हणून पाहावे की राजकीय शक्तिप्रदर्शन म्हणून, याविषयी मते भिन्न आहेत. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्या. ए. एम. खानविलकर, न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार व नियमांनुसार शर्यती घेण्यास मुभा दिली. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयी राज्याने तयार करवून घेतलेला तज्ज्ञ अहवाल या सुनावणीत मांडण्यात आला होता.

नियमांपैकी दोन या हंगामाच्या आकारावर थेट परिणाम करणारे ठरले. पहिला अंतराचा. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको, या अटीने मैदानी शर्यतीला फारसा धक्का लागला नाही, पण दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या प्रकाराचे स्वरूपच बदलावे लागले. दुसरा, एका बैलाला दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा न पळवण्याचा. गट, सेमी, फायनल मिळून धावा तीनच होतात, म्हणून मैदानी पद्धत या मर्यादेत नेमकी बसते. त्याखेरीज जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, चाबूक-पराणी व विजेच्या धक्क्याला मनाई आणि संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण प्रशासनाकडे सादर करणे, अशा अटी आहेत. चित्रीकरणाची अट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

हंगाम : पहिले अधिकृत मैदान कोणते, याबद्दल एकवाक्यता नाही. कवठेमहांकाळ तालुक्यातील नांगोळे येथील जानेवारी २०२२ च्या मैदानाचा उल्लेख पहिले म्हणून केला जातो. त्याच महिन्यात ओमायक्रॉनमुळे गर्दीवर निर्बंध आले आणि अनेक ठिकाणच्या परवानग्या अडल्या. राज्यातील निर्बंध एप्रिलच्या सुरुवातीला, गुढीपाडव्याच्या तोंडावर, उठले. म्हणजे यात्रांच्या चैत्र-वैशाखात खेळ खऱ्या अर्थाने मोकळा झाला आणि पाऊस लागेपर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने मिळाले. पावसाळा संपण्याआधीच लम्पीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार, प्रदर्शने आणि शर्यती थांबवण्यात आल्या. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारखी मार्गशीर्षातली मोठी मैदाने या छोट्या हंगामाच्या बाहेरच राहिली.

दुसरी फळी आणि तिचा अर्थ : खोंडाचे पहिले दोन पक्के दात साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात. तेव्हा २०२२ च्या चैत्रात आदत गटात जुंपलेली खोंडे २०१९ च्या अखेरीपासून २०२० पर्यंतच्या काळात जन्मलेली असणार. त्या काळात शर्यत पूर्णपणे बेकायदेशीर होती आणि ती पुन्हा कधी सुरू होईल याची कसलीही खात्री नव्हती. त्याआधी वर्षभर कुणीतरी गाय निवडली, पळीच्या रक्ताचा वळू शोधला, वासरू झाल्यावर त्याला दूध-खुराक घातला आणि विकले नाही. मोठ्या बैलांविषयी असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण मोठा बैल शेतकामासाठी घेतलेला आणि नंतर शर्यतीला लावलेला असू शकतो. आदत खोंड मात्र शेतात अजून धड जुंपलेलेही नसते. दहा वर्षांच्या बंदीत शर्यतीच्या बैलांची खिलार जात टिकली की नाही, या प्रश्नाचे उत्तर फायनलच्या गाडीकडून मिळत नाही. ते आदत गटात किती गाड्या उतरल्या यातून मिळते. आटपाडी महाल, म्हसवड, हणम, नकली असे खिलारचे जे प्रकार जाणकार सांगतात, त्यांपैकी पहिल्या दोन नावांची गावे याच पट्ट्यातली आहेत. म्हणून हा पुरावा स्थानिक कौतुकापुरता उरत नाही, जातीच्या जतनाशी त्याचा संबंध पोहोचतो.

यावर सहज घेतला जाणारा आक्षेप असा की, आदत खोंडांची हजेरी पैदाशीची निष्ठा दाखवत नाही, चोरून भरणाऱ्या मैदानांचा सुगावा देते. आक्षेपात तथ्य आहे. बंदीच्या काळात लपूनछपून गाड्या पळाल्या, गुन्हे नोंदले गेले, हे उघड आहे. पण या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. उलट परवानगीविना झालेल्या शर्यतीत ना पशुवैद्यक होता ना अंतराची मर्यादा, आणि तिथे खोंडांचे काय झाले हे सांगणारा कागदही नाही. खिलारची गाय दूध कमी देते आणि नांगरटीला ट्रॅक्टर आला आहे, तेव्हा खोंडाला किंमत राहावी असे दुसरे कारण या पट्ट्यात फार थोडे उरले आहे, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. शर्यतीसाठी जात टिकवणे योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. ती शर्यतीसाठीच टिकवली गेली, एवढे आदत गट सांगतो.

निकाल न लिहिण्याचा तोटा : घाटावरच्या बारीत सेकंद मोजले जातात, त्यामुळे एका घाटाच्या दोन वर्षांच्या बाऱ्यांची निदान ढोबळ तुलना होऊ शकते. मैदानात मोजला जातो तो फक्त क्रम. तो क्रम कुणाच्या पुढे मिळवला हे ठाऊक नसेल तर त्याला अर्थच राहत नाही. हलक्या गटात पहिला आलेला बैल आणि तीन नामांकित गाड्यांच्या गटात छकड्याच्या लांबीने मागे राहिलेला बैल, यांत सरस कोण हे केवळ विजेत्यांच्या यादीवरून कळणार नाही. म्हणजे मैदानी पद्धतीत हरलेल्यांची नावे लिहिणे ही औपचारिकता नाही. त्याशिवाय जिंकलेल्यांचेही मोल ठरत नाही. असे असून बातम्यांत येते ते फायनलच्या पहिल्या काही क्रमांकांचे आणि बक्षिसाचे वर्णन.

इथे ब्रिटनमधील स्पीडवे या खेळाशी तुलना उपयोगी पडते. मातीच्या लंबवर्तुळाकार पट्टीवर बिनब्रेकच्या पाचशे सीसी मोटारसायकलींवर चार स्वार चार फेऱ्या मारतात आणि पहिल्या तिघांना तीन, दोन, एक असे गुण मिळतात. धाव मिनिटभराची, माती उडवणारी, गावोगावच्या चाहत्यांची. १९६८ मध्ये तिथे ब्रिटिश लीगची दुसरी श्रेणी दहा संघांनिशी सुरू झाली आणि मँचेस्टरच्या बेल व्ह्यू कोल्ट्सने ती जिंकली. हेतू नवे स्वार घडवण्याचा होता. पीटर कॉलिन्स १९७० मध्ये या दुसऱ्या श्रेणीत रॉचडेलकडून धावला आणि १९७६ मध्ये जगज्जेता झाला. त्याची ही चढण आज पायरी-पायरीने सांगता येते, कारण दुय्यम श्रेणीच्याही प्रत्येक हीटचे, म्हणजे धावेचे, चारही क्रमांक लिहून ठेवलेले आहेत. माण-खटावमधला गट आणि तिकडची हीट यांची बांधणी इतकी जवळची आहे की, आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणायला खेळाच्या रचनेतून आधार मिळत नाही.

पैऱ्यामुळे जोडी दर मैदानाला बदलते, मग गुण कुणाच्या नावावर मांडायचे, असे यावर विचारले जाते. स्पीडवेतही स्वार संघासाठी धावतो, पण सरासरी त्याच्या एकट्याच्या नावावर लागते. इथेही प्रत्येक धाव दोन्ही बैलांच्या नावावर स्वतंत्र मांडता येईल, आणि दहा-पंधरा धावांनंतर कोणता बैल कोणत्याही पैऱ्यात गटपास होतो हे आपोआप दिसेल. सध्या हे ज्ञान जुन्या शौकिनांच्या आणि ड्रायव्हरांच्या स्मरणात आहे. ते स्मरण अचूक असते हे मान्य करावे लागेल, पण खोंडाच्या व्यवहारात ते विकणाऱ्याच्या बाजूने बोलते.

सर्वांत गंभीर हरकत प्राणिकल्याणाच्या बाजूची आहे. ज्या खेळाची वैधताच वादात राहिली, त्याचे तक्ते मांडणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे, असे ती बाजू म्हणते. बैलाच्या वेदनेची काळजी करणाऱ्या माणसाचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नसते. शेपटी पिरगाळणे, पराणी टोचणे हे प्रकार मैदानावर घडलेले आहेत. पण हाच निकष लावला तर नोंदवहीची गरज अधिक ठळक होते. दिवसात तीन धावांची मर्यादा एका मैदानापुरती तपासता येते. आज खटावात फायनलपर्यंत तीन वेळा पळालेला बैल टेम्पोत घालून उद्या खानापुरात उभा केला, तर तिथल्या पशुवैद्यकाला ते कळायला मार्ग नाही. त्याच्यासमोर असतो तो त्या घडीचा बैल. थकवा, खुराची झीज, सांध्यावरचा ताण हे आठवड्या-महिन्यांत साचतात आणि ते पकडायला मैदानामैदानांतून जाणारी एकच नोंद लागते.

शिरवळ : येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये स्थापन झाले असून ते महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. शर्यतीच्या बैलाचा खूर, पाय व श्वसन यांचा दीर्घकालीन अभ्यास करण्यासाठी याहून मोक्याचे ठिकाण नाही. उत्तरेला घाटाची रीत आणि दक्षिणेला मैदानाची, दोन्हींच्या सीमेवर हे ठिकाण आहे.

नंतरचा काळ : १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्याआधीच खानापूर तालुक्यातील भाळवणीत डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या ‘रुस्तुम-ए-हिंद’ मैदानात पहिल्या क्रमांकाला थार गाडी ठेवली गेली आणि बकासुर-महिब्या ही बैलजोडी घरोघरी पोहोचली. बक्षिसे वाढली तशी पहिली फळी अधिक प्रकाशात आली. दुसऱ्या फळीची नोंद मात्र नव्याने जन्माला घालावी लागणार नाही. नियमानुसार सादर झालेल्या चित्रीकरणांत प्रत्येक गटाची प्रत्येक गाडी आहे आणि जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आहे. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाने या दोन गोष्टी एकत्र आणून मैदान व तारीख, बिल्ल्याचा क्रमांक, दातांवरून वय, गटातील क्रम आणि त्या दिवशीच्या एकूण धावा असे पाच रकाने भरायचे ठरवले, तर उपलब्ध चित्रीकरणांपुरता २०२१-२२ चा हंगामही मागे जाऊन लिहिता येईल.