ब्रॅडफर्ड जिल्हा : पर्यटन

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशर परगण्यातील महानगरी जिल्हा (स्थापना १९७४). ब्रॅडफर्ड शहराखेरीज कीथली, शिपली, बिंगली, इल्कली ही गावे व भोवतालचे माळरान यात मोडते. एकोणिसाव्या शतकात लोकरी कापडाच्या व्यापारात ब्रॅडफर्ड अग्रेसर होते. गिरण्या बंद पडू लागल्यावर १९८० नंतर पर्यटनाला चालना मिळाली. येथील बरीच प्रेक्षणीय स्थळे लोकर-उद्योगाचीच देणगी आहेत.

सॉल्टेअर : गिरणीमालक टायटस सॉल्ट याने एअर नदीकाठी वसविलेले कामगारांचे गाव. गिरणी १८५३ मध्ये सुरू झाली. लॉकवुड व मॉसन हे वास्तुकार. घरांबरोबर शाळा, रुग्णालय, स्नानगृहे, धुलाईघर व वृद्धांसाठी निवास बांधले. दारूच्या गुत्त्याला मात्र परवानगी नव्हती. गल्ल्यांना सॉल्टच्या पत्नीची व मुलांची नावे आहेत. यामागे लोककल्याण किती आणि कामगारांना शिस्त लावण्याचा हेतू किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. पुढील वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेऊन तेथे कलादालन उभारले. ब्रॅडफर्डचेच चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची चित्रे तेथे आहेत. पाडून टाकण्याऐवजी जुनी वास्तू वापरात ठेवण्याचा हा अनुकरणीय नमुना होय. जागतिक वारसास्थळ, २००१.

बिंगली : लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरील पाच सलग जलपाश, म्हणजे नावा वर-खाली नेणारे दरवाज्यांचे कप्पे (१७७४). खालच्या कप्प्याचा वरचा दरवाजा हाच वरच्या कप्प्याचा खालचा दरवाजा असतो. नाव वर चढविताना तळचा कप्पा रिकामा व वरचे चारही भरलेले लागतात. क्रम चुकल्यास पाणी ओसंडते किंवा कमी पडते, म्हणून जलपाश-रक्षक देखरेख करतो. एकूण चढ सुमारे १८ मी. ही रचना आजही वापरात आहे.

हॉवर्थ : लेखिका ब्राँटे भगिनींचे निवासस्थान, १९२८ पासून संग्रहालय. जवळून कीथली-ऑक्सनहोप ही वाफेच्या इंजिनांची रेल्वे धावते. स्वयंसेवकांनी ती १९६८ मध्ये पुन्हा सुरू केली.

ब्रॅडफर्ड शहर : राष्ट्रीय विज्ञान व माध्यम संग्रहालय (१९८३, सध्याचे नाव २०१७ पासून), नगरभवन (१८७३), लोकर-विनिमयगृह, कार्टराइट हॉल कलादालन (१९०४) आणि मूरसाइड गिरणीतील औद्योगिक संग्रहालय. युनेस्कोने २००९ मध्ये ब्रॅडफर्डला पहिले ‘चित्रपटनगर’ म्हणून मान्यता दिली. २०२५ साठी ते ब्रिटनचे सांस्कृतिक नगर ठरले.

इल्कली : माळरान, खडकांवरील प्रागैतिहासिक कोरीवकाम, पदभ्रमण.