डहाणू-तलासरी परिसरातील ख्रिस्ती वाणीनियम : एक ऐतिहासिक टिपण

वाणीच्या संयमाविषयीचा उपदेश ख्रिस्ती धर्मग्रंथात ठिकठिकाणी विखुरलेला आहे. परंतु तक्रार कोणी, कोणापुढे व कोणत्या क्रमाने मांडावी ह्याची निश्चित पद्धती प्रामुख्याने मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आढळते. अपराध करणाऱ्या बंधूकडे प्रथम एकट्याने जावे. त्याने न ऐकल्यास एकदोन साक्षीदार बरोबर न्यावेत. तेवढ्यानेही न भागल्यास गोष्ट मंडळीच्या कानावर घालावी, असा तो क्रम होय. पुष्कळ संप्रदायांत हा भाग वाचला जातो आणि तेवढ्यावरच राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूस जो संप्रदाय आला, त्याने मात्र ह्या अध्यायाला आपल्या संघजीवनाचा पायाच मानले होते. आज ह्याच परिसरात भ्रमणध्वनीवरून जे बोलणे चालते ते पाहता त्या जुन्या नियमाचा मागोवा घेणे अवश्य ठरते.

हा संप्रदाय म्हणजे 'चर्च ऑफ द ब्रदरन'. इ. स. १७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे आलेक्झांडर माक ह्याच्यासह आठ जणांनी एडर नदीत नव्याने बाप्तिस्मा घेतला, तेथून ह्याचा आरंभ होतो. इ. स. १७१९ पासून हे लोक अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाकडे जाऊ लागले. त्यांचे पहिले मिशनरी इ. स. १८९४ मध्ये हिंदुस्थानात आले व प्रथम वलसाड येथे राहिले. वलसाडहून दक्षिणेस उतरले की डहाणू लागते. तेथे त्यांनी पुढे शाळा व दवाखाना चालविला. अनुयायांची संख्या कधीच मोठी नव्हती. ह्या संप्रदायाचे महत्त्व संख्येत शोधू नये.

त्यांच्या आचाराच्या तीन गोष्टी येथे ध्यानात घेण्यासारख्या आहेत. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यास अठरावा अध्याय आधी वाचून दाखवावयाचा व तो मान्य आहे ना, असे विचारावयाचे, ही त्यांची जुनी रीत होती. श्रद्धेच्या कबुलीबरोबरच भांडण कसे करावे ह्याचीही कबुली घेतली जाई, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरी गोष्ट प्रीतिभोजनाची. ह्या भोजनात सभासद एकमेकांचे पाय धूत. त्यापूर्वी मंडळीचे सेवक घरोघर जाऊन प्रत्येकास विचारीत की, त्याचे इतर बंधुभगिनींशी शक्य तितके सख्य आहे किंवा कसे. मनात अढी असलेल्याने त्या पंक्तीस बसणे अनुचित समजले जाई. तिसरी गोष्ट शपथेची. जो नेहमीच खरे बोलतो त्याला शपथेची गरज नाही, आणि जो शपथेवरच खरे बोलतो त्याचे एरवीचे बोलणे संशयास्पद ठरते, ह्या विचाराने ते न्यायालयातही शपथ घेत नसत. इंग्रजी अमदानीतील १८७३ च्या कायद्यात शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची सोय होती व १९६९ च्या शपथ अधिनियमातही ती कायम आहे. त्यामुळे ह्या व्रताला येथे फारशी अडचण पडली नसावी.

तलासरीकडे येशूसंघाचे, म्हणजे रोमन कॅथलिक परंपरेचे, कार्य आहे. तेथे ह्याच विषयाची मांडणी निराळ्या अंगाने होते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परनिंदेचे भेद केलेले आहेत. पुरेशा आधाराविना दुसऱ्याचा दोष मनात धरणे हा एक. दोष खरा असूनही तो सबळ कारणाविना अजाणत्या माणसापुढे उघड करणे हा दुसरा. आणि खोटे बोलून नाव घालविणे हा तिसरा. ह्यांपैकी दुसरा भेद विशेष लक्षणीय आहे, कारण 'मी सांगितले ते खरेच होते' हा बचाव तेथे अपुरा पडतो. शिवाय केवळ क्षमा मागून सुटका होत नाही. ज्याची अब्रू घालविली त्याची ती शक्य तितकी भरून देण्याचे कर्तव्य उरतेच. गावातील चार घरांत पसरलेली निंदा चार घरी जाऊन मागे घेता येते, हे त्या विचारामागचे गृहीत असावे.

हे सर्व नियम मुख्यत्वे मंडळीच्या आतले होत. परधर्मीयांशी बोलताना मराठी मुलखातील ख्रिस्ती वाणी सौम्य होती, असा दावा इतिहासास धरून होणार नाही. मोरभट दांडेकर ह्यांच्या 'हिंदुधर्मस्थापना' (१८३१) ह्या ग्रंथास डॉ. जॉन विल्सन ह्यांनी जे उत्तर लिहिले, त्याच्या इंग्रजी नावातच हिंदू धर्म 'उघडा पाडण्याचा' हेतू बोलून दाखविलेला होता. १८४२ मध्ये अहमदनगरास निघालेल्या 'ज्ञानोदया'चे आरंभीचे अंकही खंडनाच्या आवेशापासून मुक्त नाहीत. तथापि त्या कठोरपणाला एक मर्यादा होती. विल्सन ह्यांचे नाव ग्रंथावर होते आणि दांडेकरांना ते ठाऊक होते. पुढे दांडेकरांनी 'उपदेशचंद्रिका' हे मासिकच उत्तरादाखल काढले. १८५७ च्या १५ जानेवारीपासून २८ मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी ह्यांचे जे वाद झाले, त्यांत तर दोन्ही पक्ष दर गुरुवारी एकमेकांच्या डोळ्यांदेखत उभे असत. जॉर्ज बोवेन ह्यांनी त्याच वर्षी त्या वादांचा इंग्रजी वृत्तान्त छापला व १८७२ मध्ये मराठी वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कडवट शब्द बोलणाऱ्याला पुढच्या गुरुवारी त्याच वाळूवर यावयाचे आहे, ही जाणीव बाळगावी लागे. पुढे १९१२ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानणाऱ्या ह्या कवीने सूर बदलला. तो विषय स्वतंत्र विवेचनाचा आहे.

अठराव्या अध्यायाच्या नियमालाही उणीव आहे आणि डहाणू-तलासरीचा इतिहासच ती दाखवितो. 'प्रथम एकट्याने जावे' हे बरोबरीच्या माणसांत शोभते. वेठबिगारीत सापडलेल्या वारल्याने जमीनदाराच्या ओटीवर एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्यास सांगावा, ही कल्पनाच क्रूर आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही असे त्यांनी ठरविले, तेव्हा त्यांना कंठ फुटला तो समुदायात. मिशनच्या आवारातही पगार देणारा व उपदेश करणारा पुष्कळदा एकच असे. तेथे गड्यामाणसाला खासगी तक्रारीचा मार्ग कितपत मोकळा वाटला असेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मात्र समुदायाचा कंठ जसा मोकळा होतो तसा तो फसविलाही जातो. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला व पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकर ह्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या ग्रंथात ह्या प्रसंगाची हकीकत दिली आहे. तीनुसार, बाई सभेला येणार असल्याची खोटी वर्दी जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांतून फिरविली आणि त्या वर्दीवर लोक गोळा झाले. वर्दी कोणी दिली हे ऐकणाऱ्याने विचारले नाही. सांगणारा ओळखीचा होता, एवढे पुरले.

ब्रदरन मंडळीच्या स्वतःच्या घरातील हकीकतही येथे गाळता येत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली, तीत ही मंडळीही सामील झाली. गुजरातेतील काही मंडळ्यांनी हे विलीनीकरण मानले नाही. मालमत्तेचा तंटा वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये त्याचा निकाल लागला. बाप्तिस्म्याच्या वेळी अठरावा अध्याय मान्य करणाऱ्यांचे वंशज शेवटी वकिलांमार्फत एकमेकांशी बोलले.

पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. परंतु समाजमाध्यमांवरील बोलण्याच्या संदर्भात पालघरचे नाव त्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, देशभर झाले होते. मुंबई बंदविषयीच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना तेथे अटक झाली. त्या अटकेतून निघालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. सप्टेंबर २०१९ मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्माकडे बोट दाखविणारे संदेश समाजमाध्यमांवर फिरले व संयोजकांना धमक्याही आल्या. फादरांनी माघार घेतली नाही. पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादेस गेले आणि स्वतःच्या नावाने, श्रोत्यांच्या समोर, असहिष्णुतेविरुद्ध बोलले. संदेश फिरविणाऱ्यांपैकी पुष्कळांची नावे कोणास कळली नाहीत.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा मोटारचालक ह्यांना जमावाने ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर व मुले पळविणारे फिरत आहेत, असे संदेश व्हॉट्सॲपवरून पाड्यापाड्यांत पोहोचले होते आणि लोक रात्रीचे पहारे देत होते. त्याच आठवड्यात ह्याच भागात आदिवासींना मदत पोहोचविण्यासाठी गेलेल्या एका डॉक्टरवरही हल्ला झाला होता. हत्येनंतर दुसरी लाट आली ती दूरच्या शहरांतून. तीत प्रथम मुसलमानांवर आणि मग ख्रिस्ती मिशनऱ्यांवर ठपका ठेवला गेला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे गृहमंत्र्यांना २२ एप्रिल रोजी जाहीर करावे लागले. मिशनऱ्यांवरील आरोपाची भाषा गावच्या ख्रिस्ती माणसापर्यंतही त्याच यंत्रातून पोहोचली.

अशा वेळी त्याने काय करावे? बंधूकडे एकट्याने जावे तर बंधूचा पत्ता नाही. साक्षीदार न्यावेत तर साक्ष कशाची काढावयाची? अठराव्या अध्यायाचा क्रम एकाकडून दोघांतिघांकडे व तेथून सर्वांकडे जातो. पुढे ढकललेला संदेश सर्वांपासूनच आरंभ करतो आणि ज्याच्याविषयी तो आहे त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो. हानी भरून देण्याचे जे कर्तव्य तलासरीच्या परंपरेत सांगितले जाते, तेही येथे लंगडे पडते, कारण चार घरांऐवजी घरांची गणतीच राहत नाही. व्हॅटिकनच्या संपर्कविभागाने २८ मे २०२३ रोजी समाजमाध्यमांतील वर्तनावर एक दीर्घ चिंतन प्रसिद्ध केले. त्यात दूरच्या माणसालाही शेजारी मानून त्याचे ऐकावे असा आग्रह आहे. पण निनावी शेजाऱ्याकडे जाण्याची वाट त्यातूनही स्पष्ट होत नाही.

कंपनीने आपल्या परीने क्रम घालून पाहिला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने भटक्या समाजातील पाच जणांचा बळी घेतला, त्यानंतर भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यास तिने बंदी केली. ७ एप्रिल २०२० रोजी ती मर्यादा, पुष्कळदा फिरलेल्या संदेशांपुरती, एका वेळी एकच ठिकाण इतकी आकसण्यात आली. गडचिंचलेच्या घटनेस तेव्हा नऊ दिवस अवकाश होता.