गिटार अ‍ॅम्पमधून सारखा ‘घुंऽऽ’ आवाज येतोय? नवीन अ‍ॅम्प घ्यायच्या आधी हे तपासा

इलेक्ट्रिक गिटार घेतली, सोबत बजेटमध्ये बसणारा छोटा अ‍ॅम्प घेतला. घरी येऊन पिन लावली, बटण दाबलं आणि एकही तार छेडायच्या आत स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ सुरू. अशा वेळी पहिला विचार येतो तो म्हणजे, ‘स्वस्तातला माल, असाच निघणार.’

पण दर वेळी दोष अ‍ॅम्पचा असतोच असं नाही. गिटारमधून येणारा सिग्नल खूप कमकुवत असतो आणि तो कैक पटींनी मोठा करणं एवढंच अ‍ॅम्पचं काम. त्या सिग्नलसोबत ट्यूबलाइटची, चार्जरची किंवा सैल वायरची भेसळ आली, तर अ‍ॅम्प तीही तितक्याच इमानदारीने मोठी करतो. फेंडर फ्रंटमॅन १०जी किंवा मार्शल एमजी१० सारख्या १० वॉटच्या अ‍ॅम्पचंही हेच आणि लाखाच्या अ‍ॅम्पचंही हेच.

त्यामुळे खिशात हात घालण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोधायचं. त्यासाठी मीटर लागत नाही, कान पुरतात.

आधी आवाज कोणता आहे ते ओळखा

घुंऽऽ (हम) : जाडसर, सलग आवाज. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. हम म्हणजे या विजेचाच आवाज.

घर्रर्र (बझ) : हमपेक्षा चिरका, माशी घोंगावल्यासारखा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर हे नेहमीचे संशयित.

सूंऽऽ (हिस) : गॅस लीक झाल्यासारखा आवाज. गेन आणि ट्रेबल वाढवला की वाढतो. इलेक्ट्रॉनिक भागांमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात, त्यातून हा आवाज तयार होतो. थोडा हिस प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये असणारच.

खरखर, कटकट : नॉब फिरवताना किंवा वायर हलवताना येते. धूळ, गंज किंवा सैल जोडणी.

टिक-टिक-टिर्रर्र : मोबाइल अ‍ॅम्पवर ठेवलेला असेल तर तो उचला. टू-जी नेटवर्कवर मोबाइल सेकंदाला साधारण २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांत सिग्नल सोडतो, तोच अ‍ॅम्प पकडतो.

कूंऽऽई (फीडबॅक) : गेन जास्त आणि गिटार स्पीकरच्या अगदी समोर. गिटार वळवा, दोन पावलं मागे या.

पाच मिनिटांची तपासणी

आता एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं. क्रम बदलू नका.

१. अ‍ॅम्प एकटा ठेवा. गिटार आणि वायर दोन्ही काढा. व्हॉल्यूम आणि गेन शून्यावर आणून अ‍ॅम्प चालू करा. आता अगदी बारीक घुं ऐकू आला तर चालतो. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात असेल, तर गडबड अ‍ॅम्पच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये किंवा घरच्या विजेत आहे.

२. व्हॉल्यूम आणि गेन हळूहळू वाढवा. फक्त सूं वाढला तर तो त्या अ‍ॅम्पचा स्वभाव आहे. नॉब फिरवताना खरखर आली तर नॉबच्या आत धूळ आहे.

३. गिटार जोडा, पण गिटारचा व्हॉल्यूम शून्य ठेवा. आवाज नव्याने सुरू झाला तर संशय वायर किंवा जॅकवर. वायर दोन्ही टोकांना हलवून बघा. खरखरली तर चोर सापडला. इथे एक चूक टाळा. वायर फक्त अ‍ॅम्पला लावून दुसरं टोक मोकळं सोडलं तर जोरात घुं येतोच. त्यावरून वायर खराब ठरत नाही.

४. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण वाढवा. आवाज आत्ता सुरू झाला तर तो गिटारच्या पिकअपमधून येतोय. जागेवरच उभं राहून गोल फिरा. एका दिशेला आवाज कमी आणि दुसरीकडे जास्त झाला, तर पिकअप आजूबाजूच्या उपकरणांचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय.

५. तारांना हात लावा. हात लावल्यावर आवाज कमी होणं नॉर्मल आहे. तारा आतून ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यामुळे हात लावला की तुमच्या शरीराने गोळा केलेला नॉइज तिकडे निघून जातो. उलट हात लावल्यावर आवाज वाढला, तर जॅकच्या वायरी उलट जोडल्या असण्याची किंवा ब्रिजची ग्राउंड वायर तुटलेली असण्याची शक्यता जास्त. आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, अ‍ॅम्पची पिन काढा आणि या लेखातला अर्थिंगचा भाग वाचा.

६. अ‍ॅम्प मित्राच्या घरी नेऊन बघा. तिथे शांत आणि तुमच्याकडे घुं, तर अ‍ॅम्प निर्दोष. दोन्हीकडे तोच आवाज, तर अ‍ॅम्पचं काम करावं लागेल.

गिटारच नॉइज पकडत असेल तर?

स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या गिटारमध्ये सहसा सिंगल कॉइल पिकअप असतात. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, असा हा पिकअप. तो तारांची थरथर पकडतो आणि घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. त्यांनी दोन कॉइल अशा जोडल्या की बाहेरून आलेला हम एकमेकांत वजा होतो आणि तारांचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. हाच हमबकर.

म्हणजे तुमच्या गिटारला सिंगल कॉइल असतील तर थोडा हम हा बिघाड नाही. स्विच दोन आणि चार नंबरच्या पोझिशनला नेऊन बघा. बऱ्याच गिटारमध्ये तिथे दोन पिकअप मिळून हमबकरसारखं काम करतात आणि हम कमी होतो.

वायर घेताना ती शिल्ड असलेली गिटार केबलच आहे ना, हे बघा. अ‍ॅम्प ते स्पीकर जोडायची वायर दिसायला तशीच असते, पण तिला शिल्ड नसते. घरात ३ मीटर पुरते, उगाच १० मीटरची घेऊ नका.

घरातल्या विजेची भानगड

एक प्रयोग करा. पंखा, ट्यूबलाइट, चार्जर, टीव्ही एकेक करून बंद करत जा. ज्या क्षणी अ‍ॅम्प शांत झाला, त्या क्षणी बंद केलेली वस्तू हेच उत्तर. मग अ‍ॅम्प तिच्यापासून लांब ठेवा किंवा सराव करताना ती बंद ठेवा.

लाइट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर गेलं आणि अ‍ॅम्प घर्रर्र करायला लागला, तर तो इन्व्हर्टर बहुतेक स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असतो. त्याची वीज ओबडधोबड असते. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी असतो.

लॅपटॉपवरून बॅकिंग ट्रॅक लावता आणि तेव्हाच आवाज येतो? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर कारण चार्जर किंवा ग्राउंड लूप. दोन उपकरणं ऑडिओ वायरनेही जोडलेली आणि अर्थिंगमधूनही जोडलेली असतील, तर एक वर्तुळ तयार होतं आणि त्यातून हम शिरतो. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. नाहीतर लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

अर्थिंगची पिन काढायची नाही म्हणजे नाही

घुं घालवण्यासाठी एक जुगाड सर्रास सांगितला जातो. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन तोडा किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावा. यामुळे कधीकधी आवाज खरंच जातो, कारण ग्राउंड लूप तुटतो. पण त्यासोबत तुमचं संरक्षणही जातं.

अ‍ॅम्पचा धातूचा सांगाडा, जॅक, केबलची शिल्ड आणि गिटारच्या तारा हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. अ‍ॅम्पच्या आत फेजची वायर सुटून सांगाड्याला लागली आणि अर्थिंग धड असेल, तर करंट जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थिंग नसेल तर ते २३० व्होल्ट थेट गिटारच्या तारांवर येतात. आणि तारांवर तुमची बोटं असतात.

ही भीती कागदावरची नाही. स्टोन द क्रोज या ब्रिटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवर शॉक लागून गेला. त्याचा हात अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला लागला होता. चार वर्षांनी, मे १९७६ मध्ये, यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना शॉक लागून गेला.

आपल्याकडे जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या मागे कधीकधी वायरच नसते. गणपतीच्या मांडवात, पावसात, ओल्या जमिनीवर तात्पुरत्या वायरिंगवर वाजवताना धोका आणखी वाढतो. एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की तुम्हीच त्या दोघांमधली वायर होता.

म्हणून तारांना किंवा माइकला हात लावून झिणझिण्या आल्या, तर ‘थोडंच लागतंय’ म्हणून वाजवत राहू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला असेल तर उत्तम. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो.

रिपेअरवाल्याकडे कधी जायचं?

खरखरणाऱ्या नॉबसाठी घरी एवढं करता येतं. अ‍ॅम्प बंद करून पिन काढा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. फरक पडला नाही तर कॉन्टॅक्ट क्लिनरचा स्प्रे मारावा लागतो. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

पहिल्याच पायरीला, व्हॉल्यूम शून्य असताना मोठा घुं येत असेल, तर आतले फिल्टर कपॅसिटर थकलेले असू शकतात. अंदाज घ्यायचा असेल तर गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो ‘जी’ स्वर ९८ हर्ट्झचा असतो. अ‍ॅम्पचा घुं जवळपास त्याच स्वरात असेल तर तो १०० हर्ट्झचा. पॉवर सप्लायमधल्या बिघाडाचा हम सहसा याच स्वरात असतो.

हे काम मात्र घरी करू नका. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तर तो शेकडो व्होल्टचा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर इथे इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. तुमच्या गावातला टीव्ही-साउंड सिस्टीम दुरुस्त करणारा माणूसही कपॅसिटर बदलू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी दुकानदाराला गाठा, स्क्रू उघडू नका.

आणि तिथे गेल्यावर नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणू नका. ‘गिटार काढली तरी येतो, व्हॉल्यूम शून्यावरही येतो, दुसऱ्या घरी नेलं तरी येतो’ असं सांगा. निम्मं काम तिथेच होतं आणि विनाकारण पार्ट बदलले जाण्याची शक्यताही कमी होते.