रॉक मशीन ते इंडस क्रीड : उसन्या गाण्यांपासून स्वतःच्या नावापर्यंत

१/ १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. त्या काळी आपल्याकडील रॉक बँडची प्रतिष्ठा परदेशी गाणी किती हुबेहूब वठवली यावर ठरे. आरंभी हे तरुणही तेच करीत.

२/ पुढे महेश तिनईकर, उदय बेनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना अनोळखी अशी स्वतःची गाणी गाण्याची जोखीम पत्करली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला.

३/ १९९३ मध्ये त्यांनी गाजलेले नावही सोडले. नवे नाव ‘इंडस क्रीड’, सिंधूचे स्मरण देणारे. भाषा मात्र इंग्रजीच राहिली.

४/ हिंदी पॉपच्या भरतीत, १९९७ मध्ये, बँड थांबला. २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला. आज स्वतःची गाणी घेऊनच रंगमंचावर येणाऱ्या बँडची वाट अशा धाडसातून रुळली आहे.