पाळतीवरच्या बायका

दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लंडात घडणाऱ्या आणि एखाद्या स्त्री-गुप्तहेराला नायिकापद देणाऱ्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांचे पीक अलीकडे इतके उदंड आले आहे की, त्यांतील चहापान, बागा आणि ग्रंथालयात सापडणारी प्रेते यांनाच एखादा वाचक इतिहास समजू लागला, तर त्याला दोष देता येणार नाही. वस्तुतः या नायिकेची जन्मपत्रिका कादंबरीकारांच्या आधी घटस्फोटाच्या कायद्याने आणि खानेसुमारीने मांडली होती.

1857 च्या कायद्यान्वये पतीला पत्नीचा केवळ व्यभिचार सिद्ध करून काडीमोड घेता येई. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम आणखी एखादा अपराध शाबीत करावा लागे. ही विषमता 1923 साली दूर झाली खरी. परंतु क्रौर्य वा परित्याग हे स्वतंत्र कारण म्हणून 1937 पर्यंत मान्य झाले नाही. परिणामी जी जोडपी सामोपचाराने विभक्त होऊ पाहत, त्यांनाही व्यभिचाराचा पुरावा पैदा करणे भाग पडे; मग पतिराज ब्रायटनच्या एखाद्या हॉटेलात भाडोत्री स्त्रीसह रात्र काढीत आणि सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीच्या दृष्टीस दोघे एकत्र पडतील, अशी तजवीज करीत. हे संगनमत उघडकीस आणण्यासाठी ‘किंग्ज प्रॉक्टर’ नावाचा सरकारी अंमलदार टपलेला असेच! खाजगी गुप्तहेरांची चूल पेटती राहिली ती या असल्या पुराव्यांवर; आणि हॉटेलाच्या दिवाणखान्यात एकटा पुरुष रेंगाळला तर नजरेत भरे, विणकाम घेऊन बसलेली बाई भरत नसे.

लंडनच्या न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील अल्बियन हाउसमध्ये मॉड वेस्ट या गुप्तहेर बाईंची कचेरी होती. पत्नीच्या खुनासाठी 1910 साली फाशी गेलेला डॉ. क्रिपेन याच इमारतीत आपला व्यवसाय करीत असे, हा योगायोग कादंबरीत कोणी घातला असता तर आपण नाक मुरडले असते. बाई पुरुषवेषातील आपली छायाचित्रे वृत्तपत्रांना देत आणि स्वतःच्या साहसांच्या कथा तिखटमीठ लावून छापवून आणीत. ज्या व्यवसायाचे मर्म अनोळखी राहण्यात, त्याची जाहिरात चेहरा दाखवून करणे, हा विरोधाभास मला तरी त्यांच्या साऱ्या साहसांहून अधिक मनोरंजक वाटतो.

1921 च्या खानेसुमारीत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा 17 लाखांहून अधिक स्त्रिया भरल्या, आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘शिलकी स्त्रिया’ असे निर्दय नाव दिले. हे आधिक्य युद्धापूर्वीही होते. पण रणांगणावरील संहाराने त्याला शोकाची छटा आली. 1927 साली कादंबरीकार डोरोथी सेयर्स यांनी मिस क्लिम्प्सन या अशाच एका प्रौढ अविवाहितेला आपला सरदारपुत्र गुप्तहेर लॉर्ड पीटर याची चौकशी-कारकून नेमले. चांभारचौकशी म्हणून जिची थट्टा व्हावी, तिचीच चौकस वृत्ती येथे पगारी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल एका मासिकात प्रथम अवतरली.

अलीकडच्या कादंबऱ्यांपैकी जॅकलिन विन्स्पियर यांची ‘मेझी डॉब्ज’ 2003 ची. मोलकरीण, केंब्रिजची विद्यार्थिनी आणि युद्धातील परिचारिका असा प्रवास करून आलेली ही नायिका 1929 साली कचेरी थाटते, तेव्हा पहिला पक्षकार येतो तो पत्नीविषयी संशय घेऊनच. मागावर राहिल्यावर मेझीला आढळते की, ती स्त्री प्रियकराकडे नव्हे, एका थडग्याकडे जाते. घटस्फोटाच्या मळक्या धंद्यातून युद्धाच्या जखमेपर्यंत एका पाठलागात पोहोचणारी ही लेखिका इतिहास नेमका जाणते.

याच काळातील एक धागा आपल्याकडेही येतो. 1866 साली नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याचे अध्ययन केले आणि पुढे बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींचे रक्षण केले. सुजाता मॅसी यांच्या कादंबरीची नायिका, 1921 च्या मुंबईतील वकील परवीन मिस्त्री, त्यांच्यावरून सुचलेली आहे. मलबार हिलवरील तीन पडदानशीन विधवांनी आपला हक्क सोडल्याचा दस्तऐवज परवीनच्या हाती पडतो. सह्या खऱ्या की नाहीत, हे त्या विधवांनाच विचारायला हवे, आणि पडद्याआड जाण्याची मुभा कचेरीतल्या कोणाही पुरुषाला नाही.