बारा गाई आणि एक घोडा : प्राचीन इतिहासात एम. ए. करायचे म्हणजे काय?

‘प्राचीन भारतीय इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, तयारी कशी करू?’ प्रवेशाचे दिवस जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो. अर्ज, प्रवेशपरीक्षा, गुणांची अट ही माहिती विद्यापीठांच्या माहितीपत्रकात मिळते. त्या दोन वर्षांत काम कोणते शिकायचे असते, हे मात्र तिथे लिहिलेले नसते. या धाग्यात ते एकाच लेखाच्या आधाराने पाहू. लेख जुन्नरजवळच्या नाणेघाटातला, सातवाहनांचा.

घाटमाथ्यावरच्या लेण्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. अनेक ओळी झिजल्या आहेत, काही पार नाहीशा झाल्या आहेत. उरलेल्या भागात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. अग्न्याधेय यज्ञाची दक्षिणा ‘गावो बारस’ आणि एक घोडा. ‘बारस’ म्हणजे बारा. शब्दापुढे लगेच त्याचा आकडाही कोरलेला. मराठी माणसाला हा शब्द भाषांतराविना कळतो, आणि तो कळला की शेजारचे अनोळखी चिन्ह कशाचे, तेही कळते. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७०च्या दशकात याच लेखावरून प्राचीन अंकलेखनाचा उलगडा केला. पुढच्या ओळींत १,००१ गाई आणि २४,४०० कार्षापणांपर्यंतचे आकडे येतात.

आता पदवीच्या पाठ्यपुस्तकातले वाक्य घ्या : ‘नागनिका राणीने अनेक यज्ञ केले.’ मूळ लेखाशी ताडून पाहिले की या वाक्याचा जवळजवळ प्रत्येक शब्द सैल होतो. मुख्य लेखाच्या शाबूत भागात राणीचे नावच नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्यांच्या वर नावे कोरलेली आहेत. तिथे श्री सातकर्णी राजाच्या बरोबरीने ‘देवी नायनिका’ येते. मुख्य लेखातली राणी हीच, हे संदर्भाने लावलेले अनुमान आहे. अनुमान भक्कम आहे, मलाही ते मान्य आहे. पण ते अनुमान आहे हे ठाऊक असणे वेगळे. शिवाय यज्ञांबद्दलचे क्रियापद कर्तरी नाही. ‘यज्ञ केला गेला’ अशा धाटणीची ती रचना आहे. करणारा राजा की राणी, हे व्याकरण सांगत नाही आणि नेमका भोवतालचा मजकूर फुटलेला आहे. मासोपवास करणारी, घरात राहून तापसीसारखे जगणारी अशी तिची वर्णने मात्र स्पष्ट वाचता येतात. एका प्राचीन राणीला धर्मविधीत किती अधिकार होता, हा एवढा मोठा प्रश्न एका प्रयोगावर आणि काही फुटक्या अक्षरांवर येऊन थांबतो.

काळाचेही तसेच. ब्यूलर यांनी अक्षरवळणावरून हा लेख इ. स. पू. दुसऱ्या शतकात ठेवला. दिनेशचंद्र सरकार यांनी तो पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणला. रा. गो. भांडारकरांनी सातवाहन सत्तेचा आरंभ इ. स. पू. ७३च्या सुमारास धरला होता, तर पुराणांतील मोठ्या कालगणनेवर विसंबणारे त्याला तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात. ‘म’ आणि ‘व’ कसा वळवला आहे, यावर महाराष्ट्राच्या पहिल्या ज्ञात राजघराण्याचे वय शंभर-दीडशे वर्षांनी हलते!

म्हणून माझे मत थोडे एकांगी वाटेल, पण ठाम आहे : प्राचीन इतिहासात शिरायचे असेल तर आधी भाषा आणि लिपी, मग बाकी सारे. संस्कृत, निदान एक प्राकृत आणि ब्राह्मी. यांच्यावाचून पदवी मिळते, पण विद्यार्थी आयुष्यभर दुसऱ्याने केलेल्या भाषांतराच्या दयेवर राहतो. दोन भाषांतरांत तफावत आढळली, तर निवाडा कशाच्या बळावर करणार?

याला अपवाद उत्खननाचा. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि ह. धी. सांकलियांनी तिथे पुरातत्त्वाची जी परंपरा उभी केली, तिच्यातून नेवासे, इनामगाव ही स्थळे उजेडात आली. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लेखनाचा एक अवशेष नाही. तिथे घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली अर्भके, जळके धान्य आणि जनावरांची हाडे वाचायची असतात. संस्कृतपेक्षा वनस्पतिशास्त्र उपयोगी पडते. तेव्हा विभाग निवडताना तिथे अभिलेख शिकवतात की उत्खननाला नेतात, हे आधी विचारा. नावाने सारखे दिसणारे दोन अभ्यासक्रम आतून अगदी निराळे निघतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. ती अकारण नाही, कारण उत्खननांचे अहवाल आणि लेखांच्या आवृत्त्या बहुतांश इंग्रजीत आहेत. पण वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या कोरीव लेखांवरील ग्रंथ (१९७९) मराठीतच आहे, आणि शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ही (१९६३). या दोहोंत पाठ आणि विवेचन शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची सवय लागते.

नोकरीचे विचाराल तर जागा थोड्या आणि वाट लांबची. नेट, पीएच. डी., पुरातत्त्व खात्यांच्या परीक्षा, संग्रहालये. घरी हे आधीच स्पष्ट सांगून ठेवलेले बरे.

प्रवेशापूर्वी महिनाभर हाताशी असेल, तर ब्राह्मीची मुळाक्षरे गिरवा आणि मग नाणेघाटाच्या मागच्या भिंतीवरचे नामलेख घ्या. ते आखूड आहेत, अक्षर ठसठशीत आहे. पहिलाच सिमुक सातवाहनाचा. मूर्ती फुटून गेल्या, जेमतेम पायांचे अवशेष उरले आहेत. नावे मात्र अजून वाचता येतात.